बावखलातला दादू

"दादूला बायको मिळाली का?" काशिनाथ आबांनी विचारलं. ऋतिकाने नकारार्थी मान हलवली.

नंदाखाल गावातल्या त्यांच्या वाडीत शिंपण्यासाठी खणलेलं जुनं तळं होतं, बावखल. अलीकडे त्याचं पाणी मचूळ झालं आणि केळी पिवळी पडू लागली. बावखल बुजवून वाडी विकायची, असं आबांनी ठरवलं. त्यांच्या नातीला, ऋतिकाला, तिथे जिताडा माशाची पिल्लं वाढवायची होती. मासे हाच तिच्या एम.एस्सी.चा विषय आणि मचूळ पाणी जिताड्याला मानवतं.

दादू हा बावखलातला जिताडा. नातवाची आशा सुटली त्या वर्षी आबांनी तो बोटाएवढा असताना सोडला आणि आल्यागेल्याला सांगत सुटले, "हाच आमच्या वंशाचा दिवा." आठवीतली ऋतिका हसायची, पण तिला ते फार लागायचं.

शेवटी आबांनी थट्टेथट्टेत शब्द दिला. दादूची पिल्लं झाली तर वाडी तिच्या नावावर. दादू नर होता यात शंका नव्हती. ती बारावीत असताना त्याला जाळ्यात धरून पोट दाबलं होतं, तेव्हा दुधासारखं वीर्य दोघांनीही पाहिलं होतं.

मासेमार बळीरामने खाडीतून तरणे जिताडे आणले, तेही एकजात नर. "मादी कुठून आनू, पोरी?" तो वैतागला. "बारके सगले नरच गावतात."

ऋतिकाचं लक्ष 'बारके' या शब्दावर अडलं. ते नर तिने परत नेऊ दिले नाहीत. आबांना मात्र समजावत बसली, की नर-मादीत जनुकं बहुतेक तीच असतात; कुठली जोरात चालतात आणि कुठली झोपून राहतात, एवढाच फरक.

"झोपू देत," आबा म्हणाले. "उद्या गिऱ्हाईक येतंय."

सकाळी तिने दादूला बाहेर काढायला लावलं. निरोप घेत असेल, असं वाटून आबांचे डोळे भरून आले. दादू आता दोघांनाही उचलत नव्हता. ऋतिकाने त्याच्या पोटात बारीक नळी सरकवली, हलकेच ओढली आणि नळीतलं आबांच्या तळहातावर सोडलं.

खसखशीसारखी पिवळी अंडी होती. "जिताडे आधी नर असतात, थोराड झाले की मादी होतात," ऋतिका म्हणाली. आबांच्या वंशाचा दिवा पोटुशी होता.