आठ पॉवर

बाबांनी तीस वर्षं वलगावच्या पोरांना पक्षी दाखवले. दुर्बीण घेणाऱ्याला ते सांगत, "मोठ्या पॉवरले भुलू नका. हात हालला का पाखरूबी हालते. आठ पॉवर पुरते." परवा त्यांची दुर्बीण हातातून पडून फुटली, म्हणून मी त्यांना अमरावतीच्या दुकानात आणलं. समोरच्या तारेवर वेडा राघू बसला होता. बाबांनी आठ पॉवरची दुर्बीण डोळ्यांना लावली, लगेच खाली घेतली. "खराब हाये. दुसरी दाखवा." दुसरीही खराब निघाली, तिसरीही. चौथ्या वेळी दुकानदारानं बाबांच्या थरथरत्या मनगटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पाखरू एका जागी काहून नाई रायत?" बाबांनी विचारलं. "हवा चालून राहिली, बाबा," मी म्हणाले. त्यांनी दुर्बीण ठेवली. दारातल्या कडुनिंबाचं पानही हलत नव्हतं. ते तिकडेच बघत राहिले. "हो," ते म्हणाले, "लय हवा चालून राहिली."