फौजदाराचा रस्सा

कुणाचा विश्वास बसणार नाही, आणि बसलाच तर त्या माणसानं स्वतःला एकदा तपासून घ्यावं. पण पासो कुरुपी गावातले गळवाले थापा मारतात हे छातीवर हात ठेवून सांगू शकेल असा माणूस अख्ख्या पराना नदीच्या काठाला एकच होता, आणि नेमकं त्यालाच तोंड उघडता येत नव्हतं.

आनाक्लेतो सोरिया त्याचं नाव. शहरातल्या हौशी लोकांना नावेत बसवून गळ टाकायला न्यायचं, यावर त्याचं पोट होतं.

नदीतला डोराडो मासा संपत आला, तेव्हा मत्स्यखात्यानं नियम केला. परवान्याशिवाय गळ टाकायचा नाही. डोराडो लागला तर जिवंत सोडायचा आणि गळवाल्यांच्या क्लबात येऊन नोंद द्यायची. खात्याच्या सार्सा बाईंनी एका दांडग्या डोराडोच्या पाठीला पिवळी पट्टी टोचून तो नदीत सोडला. पट्टीमुळं गाव त्याला फौजदार म्हणू लागलं.

दर रविवारी क्लबात माटेचा, म्हणजे तिथल्या कडू चहाचा, भोपळा हातोहात फिरायचा आणि नोंदी मोठ्यानं वाचल्या जायच्या.

"तोरिबिओ. बेटाच्या खालच्या अंगाला. फौजदार. सोडला."

"सोडला की सुटला, दोस्ता?" मागून कुणीतरी विचारलं.

"सोडला रे! जाताना शेपटीची अशी थप्पड दिली त्यानं, की माझी कवळी अजून नदीतच आहे."

सगळे हसले. आनाक्लेतोही हसला, पण माटेचा भोपळा त्यानं न पिताच पुढं सरकवला. कारण फौजदार त्यानं खाल्ला होता.

ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यातली गोष्ट. फौजदार त्याच्या गळाला लागला, तेव्हा नावेत तो एकटाच होता. बघणारं कुणी नव्हतं, आणि नियम आल्यापासून जिभेला डोराडो लागला नव्हता. त्यानं मासा ओल्या गोणपाटात गुंडाळला, मागच्या दारानं घरी आणला आणि धुण्याच्या टाकीत सोडला. मासा पाण्यात तिरका होऊन त्याच्याकडे बघत राहिला. चौकशीला बसल्यासारखा.

"तूच काप," तो बायकोला म्हणाला. "मला बघवत नाही."

"पकडताना बरं बघवलं," ब्रिहिदा म्हणाली. "जा, लिंबं घेऊन ये. आणि काही घाई नाही."

त्यानंही घाई केली नाही. वाटेत वाइनचे दोन पेले रिचवले. परत आला तेव्हा टाकी रिकामी होती आणि चुलीवर रस्सा रटरटत होता. कांदा, टोमॅटो, सढळ हातानं तिखट. तरी पहिल्याच घासाला तोंडात चिखलाची चव आली. पापाची चव अशीच असणार, असं त्याला वाटलं. डोकं, काटे, पट्टी कुठं टाकली हे त्यानं विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

तेव्हापासून त्याची झोप उडाली.

"काय रे म्हाताऱ्या, सारखा कूस बदलतोयस?"

"उकडतंय."

"जुलैत? ऐन हिवाळ्यात?"

तो भिंतीकडे तोंड करून पडून राही. आणि रविवारी पुन्हा फौजदार कुणाच्या तरी गळाला लागलेला असे. औषधवाल्याच्या. शाळामास्तरच्या. एकदा तर पाद्रीबुवांच्या. पाद्रीबुवांच्यासुद्धा! वर प्रत्येक नोंदीत तो आधीपेक्षा लांब. मेल्यावर इतका वाढलेला मासा आनाक्लेतोनं जन्मात पाहिला नव्हता. पण हे बोलायचं कसं? 'खोटं' म्हटलं, की 'तुला कसं ठाऊक' हे आलंच.

मग सार्सा बाईंनी सगळ्या गावाला क्लबात बोलावलं.

"तुमच्या नोंदींवरून दिसतंय, सोडलेले मासे जगतायत," त्या म्हणाल्या. "फौजदाराचंच बघा. इतक्यांदा सापडला, तरी जिवंत, आणि वाढतोय. पुढच्या मोसमापासून दर परवान्यामागे एक डोराडो घरी नेता येईल."

टाळ्या पडल्या, शिट्ट्या वाजल्या. तोरिबिओनं टोपी उडवली. आनाक्लेतोनं मात्र टाळी वाजवली नाही. ज्या माशाच्या भरवशावर नदी उघडत होती, तो केव्हाच रश्श्यात गेला होता. नोंदी खोट्या, म्हणजे नदीत उरलेत ते थोडेच. ते एका मोसमात चुलीवर जाणार. आणि बोलावं, तर परवाना गेला. परवाना गेला की नाव काठाला बांधून ठेवायची, कायमची.

तो उठला.

"बाई, नदी उघडू नका. फौजदार मेलाय."

"तुला रे काय माहीत?" तोरिबिओ ओरडला.

"मी खाल्लाय. रस्सा करून."

माटेचा भोपळा कुणाच्या तरी हातात तसाच राहिला.

"हे सगळे थापाडे आहेत, बाई. कवळीवाला, मास्तर, सगळे. पाद्रीबुवा, तुम्हीसुद्धा!"

पाद्रीबुवा लालबुंद झाले. सार्सा बाई हळू आवाजात म्हणाल्या, "परवाना टेबलावर ठेवा, सेन्योर सोरिया."

त्यानं ठेवला. कितीतरी महिन्यांनी त्याला छातीभर श्वास आला.

मागच्या बाकावरून ब्रिहिदा उठली.

"खोटं बोलतोय तो!"

"ब्रिहिदा, मला वाचवू नकोस. बस खाली."

"तुला कोण वाचवतंय? तू साबालो खाल्लास, म्हाताऱ्या. गाळात तोंड घालून जगणारा, शेजारणीनं दिलेला साबालो. तू लिंबं आणायला गेलास आणि मी फौजदाराला त्याच गोणपाटातून नदीवर नेलं." ती सार्सा बाईंकडे वळली आणि तिनं मान खाली घातली. "चूक माझी आहे, बाई. माझ्याकडे परवाना नाही, म्हणून मी नोंद दिली नाही. आता लिहून घ्या. ब्रिहिदा सोरिया. धुण्याच्या टाकीत. फौजदार. सोडला."