वडिलांनी पाठवलेल्या दोन बाटल्या

मोरिता साहेबांनी दोन पांढरे कप टेबलावर ठेवले आणि स्वयंपाकघरात भात शिजवत असलेल्या आपल्या स्वयंपाक्याला, उस्मानला, हाक मारली. कुवेतमध्ये सकाळपासून धुळीचं वारं सुटलं होतं, खिडक्या बंद होत्या. साहेब बसत नव्हते. खिडकीपर्यंत जात, परत येत, एक कप नाकाशी नेत, ठेवून देत.

जपानात त्यांच्या वडिलांचा साके, म्हणजे तांदळाची दारू, बनवण्याचा कारखाना होता. ती कशी करतात ते सारं उस्मानने साहेबांकडून ऐकलं होतं. कडाक्याच्या थंडीत तांदूळ घासून निम्मा करायचा, उरलेला गाभा वाफवायचा, त्यावर बुरशी पेरून तान्ह्या मुलासारखा उबेत जपायचा. निम्मा तांदूळ कोंड्यात घालवून वर त्याची दारू करायची, हे दाभोळच्या उस्मानला दुहेरी पाप वाटायचं.

आज रजेवरून परतलेल्या एका जपानी इंजिनियरने दोन बाटल्या आणि वडिलांचा निरोप आणला होता. दोन्हींचा नुसता वास घेऊन कोणती कशी आहे ते तारेने कळव. बरोबर ओळखलंस तर परत ये, कारखाना तुझा. नाहीतर जावयाचा.

साहेबांना सर्दी होती. ते काम करत त्या समुद्रातल्या तेलविहिरीवर गॅस फुटला तेव्हापासून, गेले चार महिने, ते हेच सांगत होते.

"प्यायचं नाही," ते आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाले. "फक्त वास. सांग."

कप उचलताना सवयीने बिस्मिल्ला ओठांवर आलं, ते उस्मानने गिळलं. पहिल्याला पिकल्या केळ्यासारखा गोड वास होता. दुसऱ्याला ओल्या गोणपाटाचा. लहान पोरानेही ओळखलं असतं. त्याने वर पाहिलं. साहेब मुठी आवळून त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"साहेब, मला तर दोन्ही सारखेच वाटतात."

साहेब खाली बसले. मग हसले. त्यांनाही तसंच वाटलं होतं म्हणे. म्हाताऱ्याने लबाडी करून एकच साके दोन्ही बाटल्यांत भरली असणार. थंडी पडायच्या आत घरी जायचं, तार आत्ताच करायची. ते उठून गाडीची चावी शोधू लागले.

ही चुकीची तार एकदा गेली की कारखाना जावयाचा, हे उस्मानला कळत होतं. तो बोलणार, तोच स्टोव्हवर टाकून आलेल्या भाताचा करपट वास त्याच्या नाकात शिरला. धावत जायला हवं होतं. त्याने एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं आणि तो तिथेच उभा राहिला, साहेबांवर नजर ठेवून. वास खोलीत दाटत गेला.

साहेबांना चावी सापडली. उस्मान असा का उभा आहे ते त्यांना कळेना. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे. चावी मुठीत धरून खोल श्वास घेतला.

"आज भाताला छान वास सुटलाय, उस्मान," ते म्हणाले.