सांड्याची पसंती

पुरखाराम बिश्नोईच्या ढाणीवर, म्हणजे रानातल्या वस्तीवर, त्याच्या मुलीसाठी, सुगणीसाठी, नवरा पसंत करायचं काम एका सांड्याकडे होतं, हे तुम्हाला खोटं वाटेल. वाटू द्या. अंगणातल्या खेजडीच्या झाडाखाली या काटेरी शेपटीच्या जाड सरड्याचं बीळ होतं. शिकाऱ्याचं पाऊल जवळ आलं की तो आत शिरून वाळूने दार बुजवतो, अशी म्हाताऱ्याची श्रद्धा; आणि शिकारी जावई बिश्नोईला कधीच चालत नाही. म्हणून मुलगा बघायला आला की म्हातारा आधी बीळ बघायचा, मग मुलाचं तोंड.

सोयरिकी जुळवणं हा माझा धंदा; मी फलोदी गावचा मुलगा आणला. बीळ बुजलं.

"हरणं मारतोस?" पुरखारामने विचारलं.

"काका, आमच्याकडे सरपणातली मुंगीसुद्धा झटकून मग चूल पेटवतात."

"मग सांडा खोटं बोलतो का?"

पुढचा मुलगाही असाच ताक पिऊन परतला. लोक आता माझ्याकडेही संशयाने बघू लागले.

मग एक दिवस शेजारच्या ढाणीवरचा हडमान, उंटांमागे हिंडणारा, स्वतःच मागणी घालायला आला. पठ्ठ्याने शेपटी ओलांडली तरी सांडा ऊन खात पडून राहिला. म्हाताऱ्याने तिथल्या तिथे गूळ वाटला.

निघताना मी सुगणीला गाठलं. "पोरी, मी मुलं आणली तेव्हा तू त्या बिळाशेजारी धबाधबा बाजरी कांडत होतीस. आज मुसळ कुठे गेलं?"

"काका," गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवत ती म्हणाली, "रोज रोज काय जमीन हादरवायची? आज म्हटलं, झोपू दे बिचाऱ्याला."