लेकुरवाळं हळकुंड

सकाळी रुख्मिणीनं सासूचं अंग पुसलं, वेणी घातली. पण म्हातारीच्या डाव्या हाताची मूठ काही उघडेना. उजवं अंग सहा वर्षांपूर्वीच गेलं होतं, वाचाही गेली होती. डावा हात तेवढा चालायचा.

"आत्याबाई, हात धुऊ द्या."

पार्वतीबाईंनी तोंड भिंतीकडं फिरवलं. वाटणीचं निघाल्यापासून आठ दिवस त्या असंच करत होत्या. थोरल्या लेकाकडं जायचं मनात असेल, रुख्मिणीनं स्वतःला समजावलं. पोटच्या पोरापुढं परक्याची लेक ती काय.

बाहेर ओसरीवर पंच जमले होते. उद्या महसूल खात्याचा गिरदावर वाटणीची नोंद घ्यायला येणार होता. शेत, बैल, भांडी वाटून झाली होती. म्हातारी तेवढी राहिली होती. ती ज्याच्या दारी, मधली खोली आणि दोघांपुरती ज्वारी त्याला, असं ठरलं होतं. तरी थोरल्या सोनाजीला ती नको होती, मधल्या किसनलाही नको होती. रुख्मिणी धाकट्याची विधवा, मूलबाळ नाही, म्हणून वाटाही नाही. म्हातारी दुसरीकडं गेली तर तिला बाळापूरला भावाकडं जायचं होतं. भाऊ गाडी घेऊन कालच आला होता. बैल चिंचेखाली रवंथ करत होते.

म्हातारी कुणाच्या दारी, ते सोडतीवर ठरायचं होतं. रुख्मिणीचं नाव त्यात घालायचं सोनाजीनंच काढलं होतं. तीन दारं झाली की आपली धास्ती तेवढीच कमी. किसनची बायको अनुसया तर तोंडावरच म्हणाली होती, "सहा वर्सं केलं म्हून काय झालं? रिकामीच तर होती."

मला आत्याबाईंजवळ राहू द्या, हे रुख्मिणीच्या ओठांपर्यंत आलं होतं. पण खोलीवर डोळा आहे, असं म्हणाले असते.

सोडतीची रीत जुनी होती. थैलीत ओल्या हळदीची तीन हळकुंडं. दोन साधी, एक लेकुरवाळं, अंगाला दोन पिलं फुटलेलं. लेकुरवाळं ज्याच्या हाती, माय त्याच्या दारी. चाचपायचं नाही, पहिलं लागेल ते काढायचं. शेवटचं काढून पाहायचं नाही. तो कौलावर अविश्वास. आणि जिची सोडत, तिच्या उशाला थैली एक रात्र ठेवायची.

सोनाजीनं हात घातला. साधं निघालं. त्यानं ते कपाळाला लावलं. मग किसन. तेही साधं.

"मंग राह्यलं ते रुख्मिणीचं," पाटील म्हणाले.

"बराबर हाय," म्हणत किसन लगेच उठलाही.

पाटलांनी थैली रुख्मिणीच्या पदरात टाकली. भाऊ गाडी जुंपता जुंपता थांबला.

"आता जल्मभर गू-मूतच काढायचं का, बाई?"

"व्हय," ती म्हणाली.

आत येऊन ती बाजेजवळ टेकली. "आत्याबाई, मीच हाय आता. तुमच्या मनात नसलं तरी."

मग थैली रिकामी करायला तिनं शेवटचं हळकुंड बाहेर काढलं. तेही साधंच होतं. फक्त अंगावर दोन जागी ताजे, पिवळेजर्द व्रण होते.

पार्वतीबाईंनी भिंतीकडचं तोंड वळवलं आणि सकाळपासून आवळलेली मूठ तिच्यापुढं उघडली. तळहात पिवळा झाला होता. त्यावर हळदीची दोन पिलं होती.