पाया पडण्याची रीत

वांकिडी गाव तेलुगू भाषकांच्या नव्या राज्यात गेलं, तेव्हा अमृतराव गुरुजींनीही सरहद्दीपलीकडे चांद्याला बदली मागायचं ठरवलं. लोकांना वाटलं, भाषेपायी चालले. खरं कारण होतं चौथीतली मनकर्णा. ती पाट्या फोडायची, पोरांना चावायची आणि जवळ घेऊन समजवायला गेलं की थुंकायची. गुरुजी पार खचले होते.

सप्ताहातलं काल्याचं कीर्तन संपलं. नाम घेत लहानथोर एकमेकांच्या पाया पडू लागले. तल्लीन झालेले गुरुजी वाकले, तर समोर मनकर्णेचेच पाय. त्यांनी त्यांवर माथा टेकला.

पोर घाबरून मागं सरली.

"गुरुजी, तुमी बी जाऊन राह्यले का?"

"असं काऊन इचारतं, पोरी?"

"नांदेडचे मास्तर गेले, मंग परभणीचे गेले. जायच्या दिवशी दोघंबी माह्यासंगं असेच गोड वागले. मी लय रडली, तरी गेले."

गुरुजी तिच्यासमोर खाली बसले.

"ही तं कीर्तनाची रीत हाय," ते म्हणाले. "मी कुठी जात नाही."

"पाहू," मनकर्णा म्हणाली, आणि हातातला काल्याचा घास तिनं गुरुजींच्या तोंडात कोंबला.