नरसव्वाचा खेळ

"पानं टाकू नका, मावशी, गुण जातात," कंपनीची रेणुका म्हणाली.

कंपनीच्या खेळाच्या नव्या यंत्राला बटणं नव्हती. ते माणसाचे हात पाहून त्याच्याच कामाचा खेळ रचत असे. ज्यांनी आजवर खेळाचं यंत्र हातात धरलं नाही, त्यांनीही ते घ्यावं म्हणून कंपनी सोलापुरात आली होती. कारखाना बंद पडेपर्यंत नरसव्वाने चाळीस वर्षं विड्या वळल्या होत्या. तिचे हात पाहून यंत्राने रचलेला खेळ आज जमला नाही, तर तो कायमचा पुसला जाणार होता.

पडद्यावरचं आणखी एक तेंदूचं पान तिने बाजूला सारलं. "शीर जाड आहे त्याची. असल्या पानाची विडी कारखाना फेकून द्यायचा."

"यंत्राला ते कळत नाही."

"मग शिकव त्याला. मी खराब माल कधी दिला नाही."

रेणुकाने नियम बदलला. आता खराब पान ओळखलं की गुण मिळणार होते. मग ती स्वतः खेळून पाहू लागली. कंपनीत तिला कोणी हरवत नसे, पण इथे ती पाचही वेळा सातव्या पानाला अडकली. शेवटी 'हा खेळ ठेवा' असा निरोप तिने कचेरीत पाठवला आणि म्हणाली, "मावशी, पुन्हा एकदा दाखवता?"

नरसव्वाने पदर खोचला.

"खुर्चीवरून नाही यायचं ते. खाली बस, मांडी घाल."